टाचणीचा जिताडा

बाजारात तिला सगळे टाचणी म्हणायचे. ती बारीक होती म्हणून नव्हे. अंगाने ती चांगली ऐसपैस होती. नाव पडलं ते तोंडातल्या खिळ्यांमुळे. खुर्चीच्या चौकटीवर रेक्झिन ताणताना दोन्ही हात गुंतलेले असायचे, मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेने एकेक खिळा पुढे ढकलायचा, हातोडीच्या चुंबकाला तो चिकटला की एका ठोक्यात बसवायचा. हे चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलणंही चालूच. नवखं माणूस घाबरायचं.

"अहो बाई, आधी तोंडातलं काढा, मग बोला."

"आजवर एक गिळला नाही. तुम्ही रंग सांगा."

दुकान तिच्या वडिलांचं. सोफे, खुर्च्या, स्कूटरच्या सीटा, दातांच्या डॉक्टरची ती आडवी होणारी खुर्ची, एकदा तर अख्ख्या सिनेमागृहाच्या खुर्च्या तिथे उसवल्या आणि नव्याने शिवल्या गेल्या होत्या. लहानपणी ती वडिलांना काथ्या पिंजून द्यायची. मग सुतळीला मेण लावायला शिकली. मग दाभण हातात आलं आणि ते पुन्हा कुणी मागून घेतलं नाही. वडिलांना मुलगा नाही याची लोकांना फार काळजी. वडील म्हणायचे, "मला दाभण धरणारा हात हवा होता, तो घरातच आहे." ते गेले तेव्हा दुकानाच्या किल्ल्या कुणाकडे जायच्या, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

तिची खरी मिजास होती गाठीची. सोफ्याच्या पाठीला खोल बटणं बसवतात, तेव्हा सुतळी आरपार नेऊन मागच्या बाजूने सरकफास घालायचा. फास ओढत ओढत बटण हवं तितकं रुतवायचं, आणि मनासारखं बसलं की वरून एक साधी गाठ मारून फास जागच्या जागी गप्प करायचा. ही गाठ वडिलांची. तिच्या हातचं बटण सैल होऊन वर आलेलं कुणी आणून दाखवावं, असं ती भर बाजारात म्हणायची. कुणी आणलं नव्हतं.

नवरा बंदरात क्रेनवर होता. पाळी संपली की घरी यायच्या आधी तो खडकांवर जायचा आणि गळ टाकून उभा राहायचा. त्याला एकच मासा हवा असे, जिताडा. दुसरं काही गळाला लागलं तर शेजारी वाटून टाकायचा. जिताडा लागला की मात्र जिन्यातच त्याचा आवाज बदललेला असायचा. पायऱ्या चढतानाच तो हाका मारायला लागायचा. लहान जिताडा तो घरी आणत नसे. त्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांनी आपसात ठरवलेला नियम होता: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरला तर मासा तुमचा, नाही भरला तर समुद्राचा. ती दिवसभर दुकानात, तो पाळीवर नाहीतर खडकांवर. "आमचा संसार जिन्यात झाला," असं ती हसत सांगायची. त्यात तक्रार नव्हती. जिना चांगला रुंद होता.

मग एके दिवशी क्रेनच्या शिडीवरून उतरताना त्याचा पाय निसटला आणि गुडघा गेला. ऑपरेशन झालं. नोकरी आधीच संपत आली होती, ती थोडी लवकर संपली. डॉक्टरांनी सांगितलं, "कुबडी घेऊन घरात, रस्त्यावर, कुठेही हिंडा. खडकांवर मात्र जायचं नाही. आता नाही आणि पुढेही नाही."

दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक खिडकी होती, तिच्यातून दोन गोदामांच्या छपरांमधला बोटभर समुद्र दिसायचा. तिथे खुर्ची ओढून बसला तो बसलाच. काही आठवड्यांनी त्याचे रबरी बूट खालच्या रखवालदाराच्या पायांत दिसले. नंतर गळांचा आणि शिशाच्या वजनांचा डबा शेजारी गेला. मग मासा उचलायचं हातजाळं. "पडून राहून काय करायचंय?" एवढंच तो म्हणायचा. टाचणी हे सगळं खालून, दुकानातून, जिना उतरणाऱ्या वस्तूंवरून मोजत होती. एकेक वस्तू खाली गेली की वरचं बोलणं थोडं थोडं कमी व्हायचं. शेवटी दाराच्या मागे उरली लांब गळाची काठी, रिळासकट.

त्या काठीसाठी दीर आला.

दिराचं चष्म्याचं दुकान होतं. त्याने उभ्या आयुष्यात मासा धरला नव्हता, पण अलीकडे एक खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं होतं.

"दादा, काठी मला दे. तुझी आठवण राहील."

"आठवण कशाला? ते आहेत ना इथे," टाचणी म्हणाली. ती जेवायला वर आली होती.

"तसं नाही हो, वहिनी. वस्तू वापरात राहिलेली बरी."

"घेऊन जा," नवरा खिडकीतून तोंड न वळवता म्हणाला.

ते तिला सुईसारखं टोचलं. काठीचं तिला काही नव्हतं. पण काठी गेली की या माणसाला खिडकीतून उठायला काही कारण उरणार नाही, हे तिला समोरच्या भिंतीइतकं स्पष्ट दिसत होतं.

"काठी कुठे जाणार नाही," ती म्हणाली. "मला हवी आहे."

"तुला?" आता त्याने मान वळवली. "पडदे लावणार आहेस?"

"जिताडा धरणार आहे."

दीर खोखो हसला. नवराही हसला, आणि तिने मनात नोंद केली की बऱ्याच दिवसांनी हसला.

"अगं, जिताडा म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे? मला पहिला लागायला दोन वर्षं गेली."

"तुम्हाला गेली असतील. भाऊजी, पुढच्या रविवारी या. तोवर मी जिताडा धरला तर काठी इथे राहील, आणि परत कुणी मागायची नाही. नाही धरला, तर मी स्वतः तिला झकास कव्हर शिवून देईन. तुमच्या जाकिटाच्या रंगाचं."

"पैज?" दीर म्हणाला.

"पैज. काय हो?"

नवऱ्याने खांदे उडवले. "मला काय? पण लांब टाक. जितकं लांब जाईल तितकं लांब. मासा लांब असतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती काठी खांद्यावर टाकून निघाली. खडकांकडे तिने बघितलंही नाही. त्या शेवाळावर उभं राहायलाच एक जन्म शिकावं लागतं, आणि तिच्याकडे होता एक आठवडा. खडकांच्या अलीकडे, होड्या उतरवायच्या सिमेंटच्या उतारापाशी, वाळूचा लांबच लांब पट्टा होता. तिथे कुणी गळ टाकत नसे. नवरा म्हणायचा, वाळूवर पोरं किल्ले करतात.

नवीन गळ, शिसं आणि तंगूस तिने आदल्या संध्याकाळी विकत आणलं होतं. तंगूस म्हणजे ती काचेसारखी पारदर्शक नायलॉनची दोरी; रिळावरची जुनी तिने काढून टाकली होती. गळ बांधला तो अर्थातच आपल्या गाठीने. फास, ओढ, वरून गाठ, कट. दोनदा ओढून बघितलं. पक्की.

पहिल्या फेकीत शिसं तिच्या मागे जाऊन पडलं. दुसऱ्या फेकीत पुढे गेलं, पण आमिषाची कोळंबी गळावरून सुटून वेगळ्याच दिशेला उडाली आणि एका सीगलने ती वरच्या वर झेलली. तिसऱ्यांदा तिने काठीकडे नीट पाहिलं. हे हातोडीचं काम नाही, हे तिच्या लक्षात आलं. हे चादर झटकण्यासारखं आहे. जोर मागे नाही, सोडताना. मग फेक जमली. शिसं उंच गेलं, बारीक झालं, आणि लाटांच्या पलीकडे पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. तिला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं.

पुढचे दिवस ती रोज लांब टाकत राहिली. मजबूत खांदे होते, तीस वर्षं रेक्झिन ताणलेले. रोज लांब टाकलं, आणि रोज काही नाही. एकदा शेवाळाचा भारा आला. एकदा एक चप्पल आली, तिच्या पायाच्या मापाची, पण डावीच. खेकडे कोळंबी खाऊन गळ चाटूनपुसून परत करायचे. भरती रोज थोडी उशिरा चढायची, म्हणून तीही रोज थोडी उशिरा परतायची, आणि दुकानाच्या शटरपुढे गिऱ्हाइकं घड्याळ बघत उभी असायची.

"काय बाई, हल्ली मासे शिवता का?"

"शिवीन, लागला की. तुमची गादी संध्याकाळी."

वर गेली की नवरा विचारायचा, "किती लांब गेलं?"

"गोदामाच्या लांबीइतकं."

"अजून लांब टाक. काठी खांद्याच्या मागून आण. कोपर वर."

"उंटावरून शेळ्या हाकू नका."

"आयुष्यभर तेच केलं," क्रेनवाला म्हणाला. "त्याचाच पगार होता."

पण आता तो विचारत होता, रोज. ती ओल्या पायांनी जिना चढायला लागली की वरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

शुक्रवारी ते घडलं. घडलं तेव्हा ती मासा धरत नव्हती. घरी निघाली होती. शेवटची फेक रिकामी गेली म्हणून रीळ गुंडाळत होती. कोळंबी पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या आत आली, अगदी जवळ, जिथे पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. आणि तिथे, तिच्या पायांपासून दहा हातांवर, पाणी एकदम चांदीसारखं फाटलं. काठी वाकली. रीळ ओरडायला लागलं. एक रुंद, चकचकीत अंग हवेत उसळलं, त्याने डोकं एकदा इकडे एकदा तिकडे जोरात झटकलं, आणि तिला त्याचा डोळा दिसला, पिवळसर, दिव्यासारखा. मग एकदम हात हलके झाले. काठी सरळ झाली.

ती तशीच उभी राहिली. लाट आली, गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. मग तिने तंगूस ओढून घेतलं आणि टोक बोटांवर धरून पाहिलं.

टोक सरळ नव्हतं. कुरळं होतं, पीळ पडलेलं, डुकराच्या शेपटीसारखं. हजारो शिलाया उसवलेल्या बाईला ते ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तुटलेल्या धाग्याचं टोक असं नसतं. जो धागा गाठीत होता आणि गाठ सोडून निघून गेला, तो असा कुरळा राहतो.

तिची गाठ सुटली होती.

परतीच्या वाटेवर तिच्या चालण्यात काही फरक पडला नाही, पण शटरपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तिने "दुपारी या" एवढंच सांगितलं आणि ती तडक वर गेली.

"लागला होता," ती म्हणाली. "जिताडा. मी पाहिला."

तो खुर्चीत सरळ झाला. "मग?"

"गेला."

"कल्ल्यांनी कापलं असेल. त्याच्या कल्ल्यांची झाकणं पात्यासारखी असतात. माझेही असे गेलेत. त्यात तुझी चूक नाही."

किती सोपं होतं ते. त्यानेच हातात आणून दिलं होतं, बरणीचं झाकण उघडून द्यावं तसं. तिने ते घेतलं नाही.

"कापलं नाही. माझी गाठ सरकली." आणि तिने टोक त्याच्यापुढे धरलं.

त्याने ते घेतलं. उजेडाकडे फिरवलं. अपघात झाल्यापासून त्याच्या बोटांत तंगूस पहिल्यांदाच होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"कुठली गाठ घातली होतीस?"

"बटणाची."

"बटणाची!" तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "अगं, सुतळी खरखरीत असते. ती स्वतःलाच धरून ठेवते. हे काचेसारखं आहे. त्यात फास घालणं म्हणजे सापाला कंबरपट्टा."

"मग कुठली घालायची?"

"आण इकडे."

गळाच्या नाकातून त्याने टोक ओवलं, मूळ दोरीभोवती पीळ दिले, टोक मागे आणून फटीत घातलं. पहिल्यांदा त्याच्याकडूनच चुकलं. त्याने शिवी हासडली, परत केलं. मग गाठ आवळायच्या आधी ती ओठांशी नेली आणि थुंकीने ओली केली.

"शी! हे काय?"

"कोरडी आवळली की घासून तापते, तंगूस जागीच कमजोर होतं. ओली करायची आणि हळू, हळू ओढायची."

"आम्ही मेण लावतो."

"मग जिताड्याला मेणबत्ती दाखव."

"द्या इकडे. परत करा बघू. सावकाश. क्रेन चालवत नाही आहात तुम्ही."

ती सगळी दुपार दुकान दुपारी येणाऱ्या मदतनीस मुलीवर सोडून टाचणी जेवणाच्या टेबलाशी बसून गाठी घालत होती. काही गाठींनंतर तिची गाठ त्याच्या गाठीहून देखणी यायला लागली. त्याने ती खुर्चीच्या हाताला अडकवून जीव खाऊन ओढून पाहिली. टिकली.

"आणि लागला कुठे होता?" त्याने विचारलं. "किती लांब?"

"पायाशी."

"पायाशी जिताडा? अगं, पायाशी खेकडे असतात."

"तेच तर खायला येतो. हे बघा, जुना सोफा उघडला की आत पडलेलं सगळं कुठे सापडतं? नाणी, पिना, चमचे, पोरांचे खडू? बैठकीवर नाही, पाठीवर नाही. दोन्हींच्या मधल्या खाचेत. वाळूला पण तशी खाच आहे. पहिली लाट फुटते ना, तिच्या आतल्या बाजूला पाणी काळसर दिसतं. लाट रोज तिथेच आपटून वाळू उकरते. कोळंब्या, खेकडे, सगळं त्या खाचेत जमतं. मी आठवडाभर मासा ओलांडून पलीकडे फेकत होते."

पंचवीस वर्षं तो खडकांवरून लांब फेकत आला होता.

"वाळूवरून," तो शेवटी म्हणाला. "वाळूवरून जिताडा."

"यायचं तर या बघायला. वाळूवर जाऊ नका असं डॉक्टर म्हणाले नाहीत."

"कुबडी रुतेल."

ती उठली, खाली गेली. प्लायवूडची बशीएवढी चकती कापली, तिला खालून जुनं कातडं ठोकलं, मधोमध रबर बसवून कुबडीच्या टोकात घट्ट केली. वर येऊन कुबडी त्याच्यापुढे उभी केली. ती आपली आपण उभी राहिली.

"उद्या शनिवारी दिवसभर कॉलेजच्या हॉलच्या खुर्च्या आहेत, मला हलता येणार नाही," ती म्हणाली. "परवा. भाऊजी यायच्या आत."

रविवारी उजाडताना सिमेंटच्या उतारावरून एक बाई आणि एक कुबडीवाला माणूस हळूहळू खाली उतरले. ओल्या, घट्ट वाळूवर तो येऊन थांबला आणि समुद्राकडे असा बघत राहिला, जणू कुणी ओळखीचं माणूस समोरून रस्ता ओलांडून येतंय. खिडकीतून दिसतो त्यापेक्षा समुद्र फार मोठा होता.

भरती चढत होती. टाचणीने या वेळी जोर लावलाच नाही. काठी नुसती पुढे झुलवली आणि कोळंबी पहिल्या लाटेच्या आत, काळसर पट्ट्यात, पडू दिली.

"हे काय, बादलीत टाकल्यासारखं!" तो मागून म्हणाला.

"गप्प बसा."

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा तंगुसात एक ठोका आला, दारावर बोटाने वाजवावं तसा, आणि लगेच काठी कमानीसारखी वाकली.

तिच्या हातांनी आपल्याला येत होतं तेच केलं. जोरात ओढलं. सुतळी आवळायची सवय खांद्यांतून खाली धावत आली. तंगूस ताठ होऊन वाऱ्यात वाजायला लागलं.

तो मागून ओरडत होता, पण लाटांच्या आवाजात तिला एक अक्षर कळेना. तिने मान वळवली. तो कुबडी काखेत दाबून, दोन्ही हात वर करून उभा होता. तिच्या ध्यानात आलं. क्रेनवर वर बसलेल्याला खालचं ऐकू येत नाही; खाली उभा असलेला माणूस हातांनी सांगतो, आणि वरचा फक्त ते हात बघतो. तो आयुष्यभर वर होता. आज खाली उभा राहून हात दाखवत होता. हाताचा तळवा जमिनीकडे, खाली, खाली: सोड. तिने सोडलं. रीळ ओरडत फिरलं, मासा पळाला, उसळला, डोकं झटकलं. मूठ मिटली: थांब. ती थांबली. बोट वर, गोल गोल फिरतंय: घे, सावकाश. तिने घेतलं. ती एक डोळा पाण्यावर आणि एक त्याच्या हातांवर ठेवून उभी होती, आणि गाठीचा विचार तिच्या मनातसुद्धा आला नाही.

शेवटी एका लाटेने मासा आपणहून वाळूवर आणून ठेवला. तिने ओलं गोणपाट त्याच्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी धरला. चांदीचा, पाठीवर हिरवट, तोंड मोठं थोरलं. त्याचे कल्ले उघडझाप करत होते आणि तिचेही.

"धरला!" ती ओरडली. "धरला की नाही?"

तो लंगडत जवळ आला, वाकता येईल तितका वाकला. "माप घे."

तिने हात माशाशेजारी ठेवला. शेपटीला कोपर, तोंडाला बोट. बरोबर भरला. केसभर जास्तच. मग त्याने सवयीने आपला हात पुढे केला. त्याचा हात लांब. मासा दोन बोटं कमी पडला.

कोपरापासून बोटापर्यंत, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. कुणाचं कोपर, हे कुणीच ठरवलं नव्हतं, कारण तोवर तिथे कुणी बाई गळ टाकायला आलीच नव्हती.

टाचणीने गळ काढला. उकिडवी बसून माशाला पाण्यात धरलं.

"अगं, काय करतेस?"

"सोडते. दोन बोटं कमी आहे."

"तुझ्या हाताने भरलाय की! मासा तुझा, हात तुझा!"

"संशयाच्या मापावर मी कापड कापत नाही."

"अगं, पण काठी जाईल! तो येईल इतक्यात. ठेव तो मासा. माझी काठी जाईल!"

तिने मान वर करून पाहिलं. तो लाल झाला होता. कुबडीवर पुढे झुकून, दम लागलेला, तो भांडत होता, स्वतःच्या नियमाच्या विरुद्ध, मोठ्याने, त्या काठीसाठी.

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "माझी काठी?"

तिने हात सैल केले. मासा क्षणभर तिच्या तळव्यांत तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून तिचं तोंड भिजवून गेला.

"आता दुसरा धरते," ती उठत म्हणाली. "तुमच्या मापाचा."

उतारावरून दीर येत होता. जाकीट घातलेलं, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

"घरी कुणी नाही, म्हटलं इथे असाल. काय वहिनी, कुठाय जिताडा?"

"पाण्यात," नवरा म्हणाला.

"म्हणजे धरला नाही."

"धरला. मी मोजला. लहान होता, सोडला."

"अरे दादा, सोडलेला मासा कोण मोजतं? पैज म्हणजे पैज. काठी दे."

नवऱ्याने कुबडी वाळूत नीट रोवली आणि भाऊ व पाणी यांच्या मधे उभा राहिला.

"काठी कामात आहे," तो म्हणाला. "आणि तू तिथे उभा राहू नकोस, मागे फेक येते, डोळा जाईल. चष्म्याचा उपयोग व्हायचा नाही. आलाच आहेस तर उताराच्या वरच्या दुकानातून कोळंबी घेऊन ये. इथली संपत आलीय."

"मी कोळंबी आणू?"

"एवढे खिसे कशाला आहेत?"

दिराने गाडीची किल्ली खिशात टाकली. मग काहीतरी पुटपुटत उतार चढायला लागला, आणि अर्ध्यावरून ओरडला, "किती आणू?"

"भरपूर," टाचणी म्हणाली. ती गळाला नवी कोळंबी लावत होती. नवरा तिच्या शेजारी आला आणि हात पुढे केला.

"आता मला दे. एकच फेक."

"एका पायावर?"

"बसून टाकतो. वाळूवर बसूनही टाकता येईल; आत्ताच पाहिलं मी, जोर लागतच नाही. दे."

तिने काठी मागे झुलवली, पुढे सोडली. कोळंबी पहिल्या लाटेच्या आत पडली.

"माझी झाली की देते," ती म्हणाली.